सी ड्राइव्हमधली मेंढरं

सुरुवातीलाच सांगून टाकते. मी कुणाचे हिशोब वाचवले, कुठल्या दवाखान्याचं रेकॉर्ड परत मिळवलं, ते या लेखात येणार नाही. ती कामं केली, भरपूर केली, आणि त्यांची आभारपत्रं दुकानाच्या भिंतीवर आहेत. ज्याला वाचायची असतील त्यानं उस्मानपुऱ्यात यावं, चहा पाजीन. पण अंकाच्या संपादकांनी फोनवर "ताई, काहीतरी प्रेरणादायी लिहा" असं म्हटलं, तेव्हाच मी ठरवलं की लिहायचं तर गेमबद्दल. कॉम्प्युटरवर बसवलेले गेम नेमके कुठं बसलेत ते शोधायचं, एका मशीनवरून उचलून दुसऱ्यावर न्यायचं आणि उडाले असतील तर परत आणायचं, हे काम मी वीसेक वर्षं केलं. त्यापायी जेवढं ऐकून घेतलं तेवढं सासरीसुद्धा कधी ऐकलं नाही. शिकली-सवरलेली बाई आणि दिवसभर खेळ बसवत बसते, असं गल्ली म्हणायची. म्हणू दे. ऐकून घेतलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही.

मी मूळची कन्नड तालुक्याकडची. बारावीनंतर हार्डवेअरच्या कोर्सला गेले ती अपघातानं. टायपिंगच्या क्लासमध्ये जागा उरली नव्हती. लग्न होऊन शहरात आले, नवरा वाळूजला कंपनीत. घरामागच्या गल्लीत एका शटरचं दुकान टाकलं. तेव्हा आमच्या भागात मशीन उघडून बसणारी बाई मी एकटीच होते आणि बाप्ये होते त्यांनाही फार कळत होतं अशातला भाग नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी माझी कीर्ती झाली.

आता धंद्यातली गोष्ट साध्या शब्दांत सांगते. लोकांना वाटतं की पडद्यावर जे चित्र दिसतं, ज्यावर दोनदा टिचकी मारली की गेम सुरू होतो, तोच गेम. एका कॉलेजातले प्राध्यापक पुण्याला भाच्याकडं गेले होते. तिथला गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्यांना फार आवडला. त्यांनी ते चित्र पेनड्राइव्हवर ओढलं, पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात जपून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी लावून पाहिला. आत एवढीशी एकच फाइल.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलात. घर पुण्यातच आहे."

"पण चित्र तर तेच आहे हो त्याच्यावर," सर म्हणाले. पुढं अर्धा तास ते माझ्याशी वाद घालत होते आणि मीही मागं हटले नाही.

गेम तीन ठिकाणी राहतो. त्याचं सामानसुमान एका फोल्डरमध्ये असतं. तो या मशीनचा रहिवासी आहे अशी नोंद विंडोजच्या दप्तरात असते. घर बदललं आणि रेशनकार्डावर पत्ता जुनाच राहिला की जे हाल होतात, तेच ही नोंद नसली की गेमचे होतात. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे तुम्ही आजवर जे खेळलात त्याची साठवण. तिला आम्ही सेव्ह म्हणतो. ही सेव्ह बऱ्याचदा गेमच्या फोल्डरात नसतेच. ती सी ड्राइव्हवर, तुमच्या नावाच्या खोलीत, विंडोजनं लपवून ठेवलेल्या एका फोल्डरात पडलेली असते. सामान दुकानातून पुन्हा आणता येतं, नोंद पुन्हा करता येते. सेव्ह गेली की गेली.

माणसं गेम कुठं कुठं लपवतात तेही मी पाहिलंय. दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात एका कार्यालयातून बोलावणं आलं, मशीन फार हळू चालतंय म्हणून. जागा कुणी खाल्ली ते बघितलं, तर सगळ्यात लठ्ठ फोल्डर होता 'टंचाई आराखडा'. मला वाटलं, साहेब मोठे कामसू. उघडला तर आत क्रिकेट. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते जरा डी ड्राइव्हला हलवून द्या मॅडम. नाव तेच राहू द्या." मी हलवून दिलं आणि गप बसले. गेम खेळल्याचा राग मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण बाहेर व्हरांड्यात टँकरची मागणी घेऊन आलेल्या बायका बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोरून निघून आले, याची मात्र अजून लाज वाटते. चार शब्द सुनवायला हवे होते.

पण ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो माणूस वेगळा.

तीच दुष्काळाची वर्षं. शहर सातारा परिसराकडं, बीड बायपासकडं कसं दिसेल तिकडं वाढत होतं, रोज नवी इमारत, आणि आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. अशा एका सकाळी अकराच्या सुमारास दुकानासमोर रिक्षा थांबली. आतून साठीचा एक उंच, वाळकासा माणूस उतरला. घोंगडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, खांद्याला एक पिशवी होती.

रिक्षावाला मला म्हणाला, "भाभी, चाचा रस्ताभर बोल रहे थे, धीरे चला, धीरे चला. मैं समझा अंदर अंडे हैं."

त्या माणसानं डबा टेबलावर ठेवला, घोंगडीची घडी घातली आणि म्हणाला, "म्यानेजर सायबानं फारमॅट मारून आन म्हनलंय. पन ताई, त्याच्या आदी आतली मेंढरं काढायचीत."

"कसली मेंढरं?"

"माजी. सत्तेचाळीस हायेत."

हे खंडूमामा. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. त्या वर्षी चारा राहिला नाही, पाण्याला तीन कोस चालावं लागायचं, तेव्हा कळप विकून टाकला आणि बायपासजवळच्या एका बांधकामावर वॉचमन म्हणून राहिले. साइटच्या पत्र्याच्या ऑफिसात हा कॉम्प्युटर होता. तिथल्या इंजिनियरनं गंमत म्हणून त्यांना शेतीचा एक गेम लावून दिला. त्यात मेंढ्या पाळता येतात, त्यांना नावं देता येतात. इंजिनियरनं इंग्रजी अक्षरं सिमेंटच्या गोणीच्या कागदावर लिहून दिली आणि खंडूमामांनी एकेक बटण शोधत आपल्या विकलेल्या मेंढ्यांची नावं त्या गेमातल्या मेंढ्यांना दिली. भुंडी, कानतुटी, पवळी, चांदी, बांडी. दोन वर्षं त्यांनी तो कळप वाढवला. आता इमारत पुरी झाली होती, ऑफिस मोडणार होतं, मशीन साफ करून दुसरीकडं जाणार होतं. इंजिनियर नोकरी सोडून गेला तेव्हा आपला जुना लॅपटॉप मामांना देऊन गेला होता. तोच त्या पिशवीत होता.

"इंजिनियर सायबाला फोन केल्ता," मामा म्हणाले. "त्ये म्हनले, गेमच हाय मामा, नव्यानं सुरू करा. नव्यानं म्हंजे कसं वो?"

"नव्यानं कशाला?" मी म्हटलं. "कळप हलवून देते तुमचा. जरासं काम आहे."

जरासं काम. हा शब्द मी ज्या तोऱ्यात उच्चारला तो मला अजून ऐकू येतो.

गेम डी ड्राइव्हवर बसवलेला होता. मी तो फोल्डर उचलला, मामांच्या लॅपटॉपवर ठेवला, नोंद करून दिली आणि ऑफिसच्या मशीनमध्ये विंडोजची डीव्हीडी घातली. सी ड्राइव्ह पुसायचा आणि नवं विंडोज टाकायचं, एवढंच मॅनेजरनं सांगितलं होतं. हातात काम असतानाच घरून सासूबाईंचा फोन आला, "नळाला पाणी आलंय."

ज्यांनी ती वर्षं आमच्या शहरात काढली नाहीत त्यांना यातलं काही कळणार नाही. पाणी आलं म्हटलं की माणूस भरल्या ताटावरून उठायचा. गेल्या खेपेला ते चाळीस मिनिटांत गेलं होतं. पडद्यावर विंडोज विचारत होतं की यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी एका पायात चप्पल घालता घालता 'हो' म्हणून बटण दाबलं आणि पळाले. ड्रम भरले, हंडे भरले, कुकर आणि पातेलीसुद्धा भरली. परत आले तेव्हा कोपरापर्यंत भिजलेली होते आणि मनातून फार खूष होते.

सी ड्राइव्ह पुसून झाला होता. आता फक्त 'पुढे' म्हणायचं, की नवं विंडोज बसायला सुरुवात. मी हात पुढं केला, तसा मामांनी आपला पंजा कीबोर्डवर ठेवला.

"थांबा ताई. आदी मोजू द्या."

"अहो, झालंय ते. लॅपटॉपवर गेलाय गेम."

"गेला आसंल. पन नव्या वाड्यात मेंढरं मोजल्याबिगर आमी जुना वाडा मोडत नाय. बापापासनं हाय तसं."

वाडा म्हणजे त्यांचं जाळीचं कुंपण, ज्यात मेंढरं बसवतात. म्हाताऱ्याचं समाधान करावं म्हणून मी लॅपटॉप उघडला, गेम लावला. संगीत वाजलं. हिरवंगार माळरान आलं. त्यावर एकही मेंढरू नव्हतं. मधोमध पाटी होती, नवीन शेत सुरू करा.

सेव्ह सी ड्राइव्हवर होती. लपलेल्या फोल्डरात. आधी सेव्ह शोधा, मग बाकी कशालाही हात लावा, हे मी माझ्याकडं शिकायला आलेल्या प्रत्येकाला घोकून घेतलेलं. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण.

नवऱ्याची दुसरी पाळी होती, तो जेवणाचा डबा द्यायला दुकानात आला होता. त्यानं माझं तोंड बघूनच ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गेम खराब झाला म्हणून सांग. नवा सुरू करून दे आणि त्यात पाच-पन्नास मेंढ्या टाकून दे. खेळच आहे, त्यांना काय फरक कळतोय."

नवरा माझा वाईट नाही. पण अशी तोंडाला पानं पुसायची असती तर मी हे दुकान उघडलंच नसतं. मी मामांसमोर येऊन बसले आणि सरळ सांगितलं, "मामा, चूक माझी झाली. पाण्याच्या घाईत मी तुमचा कळप पुसला."

मामांनी घोंगडी उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

"म्हंजे गेली?"

"तसं अजून नाही म्हणता येत." मी त्यांना समजावलं. पुसलं म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. पानं आतच असतात. त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं की मात्र ती कायमची जातात. "मी ते पुढचं बटण दाबलं असतं ना, तर नवं विंडोज सगळं त्यांच्यावर येऊन बसलं असतं. तुम्ही हात ठेवलात म्हणून आशा आहे. पण वेळ लागेल. दोन दिवस, तीन दिवस."

"लागू द्या," मामा म्हणाले. "मेंढरू चुकलं तर आठ दिस फिरलोय म्या."

मी मशीनमधली डिस्क काढली आणि माझ्या मशीनला जोडली, फक्त वाचण्यापुरती. कोपऱ्यान् कोपरा तपासायचा प्रोग्राम लावला. तो हजारो तुकडे बाहेर काढत होता, पण एकालाही नाव नव्हतं, नुसते आकडे. त्यात बिलं होती, नकाशे होते, इंजिनियरच्या लग्नाचे फोटो होते. त्यात मेंढरं कुठली ते कसं ओळखायचं? मध्ये वीज जायची. इन्व्हर्टर दोन तास टिकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आला. मामा स्टुलावर बसलेले. ड्यूटी संपली की ते रोज येऊन बसायचे. त्यांना बघून मॅनेजर म्हणाला, "अरे, तू इथं? मॅडम, मशीन कुठंय?"

"आज नाही मिळणार. माझ्या हातून एक चूक झालीय, ती निस्तरतेय. परवा घेऊन जा."

"आमचा डेटा गेला काय?"

"तुम्हीच पुसायला सांगितला होता. तुमचं काही राहिलं नाही. यांच्या मेंढ्या काढायच्या राहिल्यात."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो हसला. "एका वॉचमनच्या गेमसाठी माझं मशीन अडवून बसलात? मॅडम, आमच्या चार साइटचं मेंटेनन्स तुमच्याकडं आहे, विसरू नका."

मामा स्टुलावरून उठले. "ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "माज्यापायी तुमचं काम नका घालवू. द्या त्यास्नी त्यांचं."

"बसा मामा," मी म्हटलं. आणि मॅनेजरला म्हटलं, "विसरले नाही. चारही साइट काढून घ्या. मशीन परवाच मिळेल. आणि यांना नोकरीवर काही बोललात तर मी तुमच्या मालकाच्या घरी येऊन बसेन, मला पत्ता माहीत आहे. त्यांच्या घरातलं मशीनही मीच दुरुस्त करते."

मी काही शूर बाई नाही. तो गेल्यावर मी आधी हिशोबाची वही उघडली. चार साइट म्हणजे दुकानाचा कणा होता. पण मला संताप आला होता तो निराळ्याच गोष्टीचा. त्याच मॅनेजरनं सहा महिन्यांपूर्वी मालकाच्या लेकीच्या लग्नाचे फोटो उडाले तेव्हा मला तीन दिवस दुकान बंद ठेवून बसवलं होतं. तेव्हा ती भावनेची बाब होती. आता दोन वर्षं जपलेला कळप होता, तर तो गेम. कुणाचं काय जपण्यासारखं, हे ठरवायचा अधिकार याला कुणी दिला?

तिसऱ्या दिवशी सकाळी मला सुचलं. आधीच सुचायला हवं होतं. त्या डिस्कवर लाखो शब्द असतील, पण भुंडी आणि कानतुटी हे शब्द बिलात नसणार, नकाशात नसणार, विंडोजमध्ये तर नसणारच. गेमनं जर नावं साध्या अक्षरांत साठवली असतील तर नावानंच शोधता येतील. मी मामांना विचारलं, "सगळ्यात जुनी कोण?"

"कानतुटी. तिच्यापासनं सुरवात केल्ती."

मी इंग्रजी अक्षरांत कानतुटी लिहिलं आणि शोध लावला. पट्टी सरकत राहिली. मामा पडद्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. दुपारी एकच्या सुमारास एक ओळ उमटली, मग दुसरी. दोन तुकड्यांत कानतुटी होती. पहिला अर्धवट, नासलेला. दुसरा उघडला आणि एकाखाली एक नावं आली, भुंडी, पवळी, बांडी, चांदी. मी तो तुकडा मामांच्या लॅपटॉपवर नेला, त्या लपलेल्या फोल्डरात जिथं ठेवायचा तिथं ठेवला, त्याला गेमला कळेल असं नाव दिलं आणि गेम लावला.

माळरानावर मेंढरं उभी होती.

मामांनी मोजायला सुरुवात केली. ते दोन-दोननं मोजतात, दोन बोटं पुढं करून. एकदा मोजली. पुन्हा मोजली.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. "चांदीची दोन कोकरं नायत अन् पवळीचं एक."

ती कोकरं शेवटच्या आठवड्यात झालेली होती. मला मिळालेला तुकडा त्याआधीचा होता, आणि नंतरचा तो नासलेला. मी ते तसंच सांगितलं. म्हटलं, "मामा, ती तीन मला नाही आणता आली. माफ करा."

मामांनी मोजायची दोन बोटं मिटली. मग म्हणाले, "कळप हलवला की दोन-चार जात्यातच, ताई. त्याचं काय नाय. पन बाजारात माजी खरी मेंढरं इकली ना, तवा म्या व्यापाऱ्याला नावं सांगाया लागलो. ही भुंडी, ही पवळी, हिला ऊन सोसत नाय. त्यानं काय ऐकलं नाय. काट्यावर चढवली अन् वजनावर नेली. नावानं कुनीच इचारलं नाय." त्यांनी लॅपटॉप मिटला. "तुमी नावानं हुडकली."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मामांनी लॅपटॉप घोंगडीत गुंडाळला, छातीशी धरला आणि पायीच निघाले. मी रिक्षा थांबवते म्हटलं तर म्हणाले, नको, लई हिसके देती रिक्षा.

मशीन मी सांगितल्या दिवशी परत दिलं. चारही साइट गेल्या. मॅनेजरनं बाजारात सांगून ठेवलं की उस्मानपुऱ्यातली बाई गेमसाठी गिऱ्हाइकाचं मशीन अडवते. सहा महिने दुकानात माशा मारत बसले. नवरा म्हणाला, आता तरी बाहेर चांगली पाटी लाव, लोक काय काय बोलतायत. 'डेटा रिकव्हरी' असं लिही, त्याला वजन आहे.

मी पेंटरला बोलावलं. तो शिडीवर चढला, ब्रश बुडवला आणि खाली बघून विचारलं, "मॅडम, काय लिहायचं?"

मी म्हटलं, "इथं कॉम्प्युटरवरचे गेम शोधून, हलवून, परत आणून मिळतील."

"आणि डेटा रिकव्हरी?"

"ते खाली. जागा उरली तर."